योगदानाचा रकाना

"तुमचा शोधनिबंध आमच्या दोन धोरणांत बसत नाही," अशी ईमेल आली तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ओला रुमाल मानेवर टाकून बसले होते. मे महिना, दुपारी दोनची वेळ आणि सोलापूर. अशा वेळी माणसानं फार तर ताक प्यावं, धोरणं वाचू नयेत. मी वाचली, आणि पहिल्या पानावरच माझं डोकं फिरलं.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. साठवणीच्या ज्वारीवर बुरशी का धरते, यावर आम्ही काम केलं होतं. ज्या संस्थेनं त्यासाठी निधी दिला, तिचीच ही ईमेल होती. निबंध एका मासिकानं स्वीकारला होता, छापून यायचा बाकी होता, आणि आता ही मंडळी म्हणत होती की थांबा. पहिलं धोरण असं, की निबंध पहिल्या दिवसापासून जगात कुणालाही फुकट वाचता आला पाहिजे, कुणालाही वापरता आला पाहिजे, फक्त वापरणाऱ्यानं आमची नावं घ्यावीत. दुसरं असं, की लेखकांमधल्या कुणी नेमकं काय केलं, हे निबंधाच्या शेवटी स्पष्ट लिहावं.

वाचायला सोपं वाटतं. पण खाली पंधरा पानं होती. मासिकाला हक्क द्यायचे, पण स्वतःकडेही ठेवायचे. एक प्रत संस्थेच्या भांडारात ठेवायची, पण मासिकानं छापलेली नव्हे, स्वीकारलेली. स्वीकारलेली पण न छापलेली प्रत म्हणजे कुठली, हे मी शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला विचारलं. हे गृहस्थ आमच्या निबंधाचे सहलेखक. म्हणाले, "मॅडम, पोरगी पसंत झाली, पण अजून हळद लागली नाही, ती प्रत." त्यांच्या उत्तरानं माझा गोंधळ कमी झाला नाही, पण प्रत मात्र सापडली.

हे सगळं माझ्यापुरतं असतं तर मी लॅपटॉप मिटून घरी गेले असते. पण त्या निबंधावर माझ्या विद्यार्थिनीची पीएच.डी. अडकलेली होती. ती मूळची करकंबची, चौतिशीची, लग्न झालेली. कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती, म्हणजे तास घेतला तर मोबदला, सुट्टी पडली तर काही नाही. अकलूजच्या एका कॉलेजात कायमची जागा निघणार होती आणि तिला पीएच.डी. लागत होती. प्रबंधातलं सगळ्यांत मोठं प्रकरण म्हणजे हा निबंध. तो वेळेत छापून आला तर प्रबंध जाईल, प्रबंध गेला तर व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, होईल, व्हायव्हा झाली तर ती अर्ज करू शकेल. एवढं सरळ होतं, आणि म्हणूनच मला त्या पंधरा पानांचा एवढा संताप आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये बसलो. चौघं म्हणजे विभागप्रमुख सर, मी, ते सहकारी आणि विद्यार्थिनी. सर अक्कलकोटकडचे, निवृत्तीला आलेले, स्वभावानं अगदी गाय. आमच्या विभागातून कुठलाही निबंध बाहेर जायचा तर त्यावर सरांचं नाव असायचंच. का, असं कुणी विचारलं नाही. लग्नपत्रिकेत आजोबांचं नाव वर का घालता, असं कुणी विचारतं का?

पोर्टलवर एक तक्ता होता. डाव्या बाजूला कामांची यादी आणि उजव्या बाजूला रिकामे रकाने. संकल्पना. पद्धत ठरवणं. प्रत्यक्ष प्रयोग. नोंदी सांभाळणं. विश्लेषण. पहिला मसुदा. सुधारणा. देखरेख. निधी मिळवणं. साधनसामग्री. अजूनही काही होती, ती मला आजही नीट कळलेली नाहीत. सर चष्मा सारत म्हणाले, "हे कसं भरायचं?"

आता खरं सांगते. कसं भरायचं हे कुणालाच कळत नव्हतं, पण भरायची सवय मात्र आम्हा सगळ्यांना होती. आमच्या कॉलेजात स्नेहसंमेलन आलं की समित्यांची यादी लागते. स्वागत समिती, मंच समिती, अल्पोपाहार समिती, शिस्त समिती. कुणाचं नाव कशात घालायचं याचा त्या कामाशी काही संबंध नसतो. पहिली समिती सगळ्यांत ज्येष्ठाला द्यायची, त्याच्या खाली सेवाज्येष्ठतेनं उतरत यायचं, आणि एकही नाव सुटता कामा नये. ज्याचं सुटलं तो वर्षभर बोलत नाही. मी ही यादी वीस वर्षं करत आले आहे, आणि माझ्या यादीत कुणी रुसल्याचं आठवत नाही.

तर मी त्या तक्त्याची यादी केली. पहिला रकाना संकल्पना, तो सरांचा, मानाचं पान म्हणून. त्यांच्या खाली माझं नाव, कारण कल्पना माझी होती. विश्लेषण सहकाऱ्यांना दिलं, कारण त्यांना संख्याशास्त्राची आवड आहे असं ते नेहमी म्हणतात. मसुदा मी, देखरेख सर आणि मी, निधी मी, प्रयोग सहकारी आणि मी, कारण आम्ही दोघंही प्रयोगशाळेत जाऊन पाहून यायचो. सगळ्यांना दोन-दोन, तीन-तीन मिळाले. शेवटी विद्यार्थिनीचं नाव कुठंच नाही हे लक्षात आलं. एक रकाना उरला होता, साधनसामग्री. ज्वारी भरायचे डबे तिनं तिच्या माहेराहून आणले होते. मी तिथं तिचं नाव टाकलं.

"चालेल ना गं?" मी विचारलं.

ती दाराजवळ उभी होती. तक्त्याकडे बघत होती. म्हणाली, "चालंल की मॅडम."

सगळे प्रयोग तिनं केले होते. माढ्याच्या बाजूला आणि करकंबात घरोघर जाऊन ज्वारीचे नमुने तिनं आणले होते. बुरशी मोजली तिनं, आकडेमोड केली तिनं, पहिला मसुदासुद्धा तिचाच होता, मी फक्त त्यातलं इंग्रजी सरळ केलं. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण मी त्या वेळी निबंध करत नव्हते, यादी करत होते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या दुपारी सुचलं नाही, आणि कुणी बोललंही नाही.

खुल्या प्रवेशाच्या धोरणाबद्दल सर म्हणाले, "फुकट मिळतं ते कोण वाचतं? करून टाका खुलं." मी केलं.

निबंध छापून आला. कुणालाही वाचता येतो म्हटल्यावर सगळ्यांनी तो सगळीकडे पाठवला. मी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला, तिथं माझ्या जावेनं जोडलेले दोन हात आणि एक फूल पाठवलं. सहकाऱ्यांनी त्यांच्या गल्लीतल्या ग्रुपवर टाकला, तिथून तेलुगूत अभिनंदनं आली, ती त्यांनी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली. विद्यार्थिनीनं कुणाला पाठवला की नाही, मी विचारलं नाही. प्रबंध वेळेत गेला. मी निश्चिंत झाले.

चार महिन्यांनी विद्यापीठातून पत्र आलं. प्रबंध तपासणाऱ्या बाहेरच्या रेफरींनी एक शंका काढली होती. त्यांनी लिहिलं होतं, की प्रबंधातल्या मुख्य प्रकरणावर आधारित निबंध खुला उपलब्ध असल्यामुळे मी तो मुळातून वाचला. त्यात दिलेल्या योगदानानुसार या उमेदवारानं फक्त साधनसामग्री पुरवली आहे. संकल्पना, प्रयोग, विश्लेषण आणि लेखन इतरांचं आहे. तेव्हा हे प्रकरण उमेदवाराचं स्वतःचं काम कसं, याचा खुलासा व्हावा. तोपर्यंत व्हायव्हा घेऊ नये.

मी ते पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला रेफरींचा राग आला. एवढा प्रबंध सोडून हा माणूस निबंधाच्या शेवटच्या चार ओळी वाचत बसला. दुसऱ्यांदा निधीवाल्यांचा आला, कारण त्या ओळी त्यांनीच घालायला लावल्या होत्या. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा राग कुणावर काढायचा ते कळेना, आणि मला राग काढायला कुणी सापडलं नाही की मी फार घाबरते.

विद्यार्थिनीला बोलावून पत्र दाखवलं. तिनं ते शांतपणे वाचलं आणि घडी घालून परत दिलं. "अकलूजची जाहिरात आली मॅडम," ती म्हणाली. "महिन्याभराची मुदत हाय." एवढंच. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी निधी देणाऱ्या संस्थेला फोन लावला. तिकडून एका तरुण मुलीचा आवाज आला, फार गोड आणि फार शांत. मी पंधरा मिनिटं बोलले, बोलले म्हणजे भांडलेच. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, रकान्यात लिहिलंय ते खरं आहे का?" मी म्हणाले, "खरं म्हणजे... मानानं लिहिलंय." ती म्हणाली की दुरुस्ती छापता येते. मासिकाकडे नवीन तक्ता पाठवा, प्रत्येक लेखकानं आपण काय केलं आणि काय केलं नाही हे स्वतः लिहून संमती द्यावी. आणि हो, ज्यांनी लेखक नसताना मदत केली, त्यांचे आभार निबंधात छापलेत तसे नुसते 'परिसरातील महिलांचे आभार' असे नकोत, त्यांची परवानगी घेऊन त्यांची नावं घाला. फोन ठेवल्यावर मी विचार करत बसले की माझ्या एवढ्या मोठ्या संतापाला या पोरीनं एका साध्या प्रश्नात कसं गुंडाळलं.

आता सरांकडे जायचं होतं. निवृत्तीला आलेल्या माणसाला जाऊन म्हणायचं, की सर, तुम्ही काहीच केलं नाही असं लिहून द्या. मी केबिनमध्ये जाऊन हवापाण्याचं बोलले, त्यांच्या गुडघ्यांचं विचारलं, मग कसंबसं सांगितलं. सरांनी छापील निबंध मागून घेतला आणि शेवटचं पान पहिल्यांदाच वाचलं.

"संकल्पना माझी असं लिहिलंय यात," ते म्हणाले.

"हो सर. मी आपलं..."

"कल्पना तुझी होती. तूच सांगायला आली होतीस मला, हितंच बसून." त्यांनी पान उलटं करून टेबलावर ठेवलं. "मी तर वाचलंसुद्धा नव्हतं गं. नाव आहे एवढं पाहिलं, नातवाला दाखवलं." मग त्यांनी कागद ओढून घेतला आणि एका ओळीत लिहिलं, की माझं या कामात काही योगदान नाही, माझं नाव काढावं. सही केली. मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं, आणि दोन्ही एकदम कसं वाटतं याची लाजही वाटली.

सहकारी जरा फुगले. त्यांचं म्हणणं, विश्लेषण केलं नसेल, पण विश्लेषणावर चर्चा तर केली होती. कुठं? चहा पिताना. शेवटी त्यांनी 'सुधारणा' घेतली, कारण दोन स्वल्पविराम खरोखरच त्यांनी सुचवले होते.

मग मी आणि विद्यार्थिनी नवीन तक्ता घेऊन प्रयोगशाळेत बसलो. "तू भर," मी म्हणाले. "खरं खरं." तिनं भरभर भरला. पद्धत, प्रयोग, नोंदी, विश्लेषण, मसुदा, सगळीकडे तिनं तिचं नाव लिहिलं, जराही न लाजता. देखरेख आणि निधी इथं माझं. मला बरं वाटलं. मग पाहिलं तर पहिला रकाना रिकामा.

"हे का सोडलंस?"

"ते तुमी भरा, मॅडम."

मी माझं नाव लिहिलं. ती उठून डबे आवरायला लागली.

कल्पना काय होती तेही सांगते, त्यात काही मोठं शास्त्र नाही. ज्वारी उन्हात वाळवतात आणि भरून ठेवतात. कुणी ती गरम गरमच भरतं, कुणी रात्रभर निवू देतं आणि सकाळी भरतं. गरम भरलेल्या ज्वारीत आत घाम धरतो आणि बुरशी येते. हे मोजून दाखवायचं, एवढीच कल्पना. ती मला कुठं सुचली तेही मला स्वच्छ आठवतं. आमच्या गच्चीवर, संध्याकाळी, वाळवण गोळा करताना. ज्वारीत हात घातला आणि तळव्याला चटका बसला. तिथंच सुचलं. ही आठवण मी कितीतरी जणांना सांगितली आहे, निधीच्या मुलाखतीतसुद्धा सांगितली होती, आणि ती ऐकून तिथली माणसं हसली होती.

आभारांसाठी परवानगी घ्यायची होती. ज्यांच्या घरची ज्वारी वर्षभर आम्ही उघडून पाहिली त्या बायांमध्ये विद्यार्थिनीची आईही होती. रविवारी आम्ही दोघी एसटीनं करकंबला गेलो. आई पन्नाशी ओलांडलेली, बारीक, बोलायला खट्याळ. पायावर पाणी घातलं, चहा दिला, आणि भाकरी खाल्ल्याशिवाय उठू देणार नाही असं बजावलं. संमतीचा कागद लेकीकडून वाचून घेतला.

"म्हंजी माजं नाव छापून येनार व्हय?"

"हो, तुमची हरकत नसेल तर," मी म्हणाले.

"मला कसली हरकत. सगळ्या जगाला वाचाया मोकळं हाय म्हनं." तिनं सही केली, सावकाश, जोडाक्षर नीट सांभाळून. मग माझ्याकडे बघून हसली. "तुमीच त्या रागीट मॅडम की."

"आई, गप की," विद्यार्थिनी म्हणाली.

"अगं, आता काय त्याचं. चांगलं झालं की आता. मॅडम, ही पयल्या वर्षाला रडत आली हुती बगा. म्हनली, मी मॅडमना आपलं ज्वारी निवू द्यायचं सांगितलं, तर त्या लई तापल्या. 'आईच्या गोष्टी हितं सांगू नकोस, पुस्तकं वाच.' मी म्हनलं, बरोबर हाय की त्यांचं. आमाला काय कळतंय. आन आता बगा, पुस्तकातच आलं."

ती मनापासून हसली. तिच्या हसण्यात टोमणा नव्हता, असता तर मी उत्तर दिलं असतं. टोमण्याला उत्तर द्यायला मी कमी नाही. पण ती खरंच खूश होती. मी भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच बसले.

मला काही आठवत नव्हतं. अजिबात नाही. पण ते वाक्य माझंच होतं. 'पुस्तकं वाच' हे मी दर वर्षी कुणाला ना कुणाला म्हणते, आणि 'हितं' नाही, 'इथं' म्हणते, एवढाच फरक.

परतीच्या एसटीत मी तिला विचारलं. ती खिडकीकडे बघत होती. आधी म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, आईला कुटं काय बोलावं कळत न्हाय." मी सोडलं नाही. तेव्हा तिनं सांगितलं. कॅन्टीनमध्ये, ती रुजू झाली त्याच आठवड्यात. मी पेपर तपासत होते. तिनं विचारलं की आमच्या घरी निवल्याशिवाय ज्वारी भरत न्हाईत, त्यावर काही करता येईल का.

"मग तू नंतर बोलली का नाहीस?" मी जरा चिडूनच विचारलं. बघा, तेव्हाही मी चिडलेच. "निधीचा प्रस्ताव मी लिहिला तेव्हा तरी बोलायचंस."

"प्रस्ताव वाचून मला आनंदच झाला मॅडम," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमाला पटलं."

मोहोळ येईपर्यंत मी तेच मनात घोळवत होते. माझी गच्ची, माझा चटका बसलेला तळवा, ते सगळं खोटं होतं का? खोटं नव्हतं. मी गच्चीवर होते, ज्वारी गरम होती. दही माझ्या घरी लागलं होतं, पण विरजण तिनं आणून दिलं होतं, आणि मी भांडं धुताना ते विसरले. की विसरले नव्हते? मला ठरवता येईना. आजही येत नाही. आपण चोरी केली हे माणसाला आठवत नसेल, तर ती चोरी असते की नसते, हे मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "ज्याचं गेलं त्याला विचार." मला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या रकान्यात तिचं नाव लिहिलं. तिच्या खाली माझंही ठेवलं. नुसतं तिचं ठेवायला हात धजला नाही, हे कबूल करते. मी मनाशी म्हणाले की प्रस्ताव तर मी लिहिला, त्यालाही संकल्पना म्हणतात. म्हणत असतीलही. त्या पंधरा पानांत बहुधा लिहिलेलं असेल.

शेवटी एक चौकोन होता. बदलाचं कारण लिहा, हे सर्व वाचकांना दिसेल. मी लिहिलं, 'मूळ कल्पना विद्यार्थिनीची होती आणि प्रयोग तिनेच केले होते. मार्गदर्शकाने चुकीची नोंद केली.' वाचलं. मग मला जावेचं फूल आठवलं, निधीच्या मुलाखतीत हसलेली माणसं आठवली, आणि माझ्या हाताखाली शिकून गेलेली, आता जिथं तिथं शिकवणारी सगळी पोरं आठवली. हे त्या सगळ्यांना वाचता येणार होतं. मी ते खोडलं आणि लिहिलं, 'तक्ता भरताना टंकलेखनात चूक झाली.' ताकाला जाऊन भांडं लपवलं. विद्यार्थिनीला दाखवलं. तिनं वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि सही केली.

दुरुस्ती छापून आली. रेफरींनी ती पाहिली आणि व्हायव्हाची तारीख मिळाली. अकलूजच्या अर्जाची मुदत संपायला आठवडा राहिला होता.

आमच्याकडे व्हायव्हा सगळ्यांसमोर होते. हॉल भरलेला असतो, विभागातली माणसं, विद्यार्थी, उमेदवाराच्या घरचे. ती नवी साडी नेसून आली होती. दुसऱ्या रांगेत तिचा नवरा आणि करकंबची आई. मी गाइड म्हणून पुढच्या रांगेत, सरांच्या शेजारी. बाहेरून आलेले परीक्षक तेच रेफरी. तिनं तासभर छान सांगितलं, एकाही प्रश्नाला अडली नाही. मला वाटलं, सुटलो.

मग परीक्षकांनी फायलीतून एक कागद काढला. दुरुस्तीची छापील प्रत होती. मराठीतच बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून असेल. "एक शेवटची शंका. इथं म्हटलंय, टंकलेखनात चूक झाली. एक-दोन अक्षरं चुकली तर मी समजू शकतो. इथं सगळ्यांची सगळी कामं इकडची तिकडं झाली आहेत. हा पहिला तक्ता भरला कुणी?"

उत्तर माझं होतं. मला उठायचं होतं, एवढंच म्हणायचं होतं, की मी भरला. दोन शब्द. मी खुर्चीच्या हाताला धरलं. सर माझ्याकडे बघत होते. मग मला वाटलं, आता उठले तर परीक्षकांचा समज होईल की यात अजून काही लपलंय, तिची व्हायव्हा पुन्हा अडकेल, अकलूज जाईल. खरंच वाटलं का असं, की नंतर मी ते मनात घातलं, मला सांगता येत नाही.

"मी भरला होता सर," ती म्हणाली. "घाईत चूक झाली माझ्याकडून."

परीक्षक हसले. "आणि स्वतःलाच डबे आणायचं काम दिलंत? अहो, प्राध्यापक होणार तुम्ही. पुढच्या वेळी नीट बघून भरत जा."

सगळा हॉल हसला. मीही हसले. करकंबची आई हसली नाही. लेकीनं घरी सांगितलं असणार, तिला सगळं कळलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, मी काही बोलते का ते बघत होती.

मी उठले नाही.

निकाल वाचून दाखवला, टाळ्या झाल्या, पेढे आले. ती मंचावरून उतरून सरळ माझ्याकडे आली आणि वाकली. आई तिच्या मागं उभी होती, लेक आपल्याकडे कधी वळते त्याची वाट बघत.

"अगं, आधी आईच्या पाया पड," मी म्हणाले.

"आई घरचीच हाय, मॅडम," ती म्हणाली, आणि माझ्या पायांना हात लावला.